इलेक्ट्रिक टेम्पो : डॅशबोर्ड वाचता आला तर दुसरी फेरी मिळते

कानात इअरफोन घालून बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भाड्याची वाट बघत टेम्पोच्या सीटवर पाय पसरून बसला असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग खास त्या शेवटच्या मंडळींसाठी आहे.

आज आपण बोलणार आहोत इलेक्ट्रिक मालवाहू गाड्यांवर. म्हणजे तीनचाकी टेम्पो आणि छोटा हत्तीच्या आकाराच्या चारचाकी. कुठली गाडी घ्यावी, कुठली भारी, हे मी सांगणार नाही. त्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत. मला बोलायचंय ते गाडी घेतल्यानंतरचं. समोरच्या स्क्रीनवर जे आकडे दिसतात, जे दिवे लागतात, ते काय सांगतात आणि त्याचा तुमच्या रोजच्या कमाईशी काय संबंध आहे.

हा विषय डोक्यात आला तो आमच्या मावसभावामुळे. मी त्याला दादा म्हणतो. दादा पुण्यात मार्केट यार्डातून भाजी उचलतो आणि हडपसर, मांजरी, वाघोली या पट्ट्यात पोचवतो. आधी डिझेलचा टेम्पो होता, आता इलेक्ट्रिक तीनचाकी घेतलीय, हप्त्यावर. दोन महिन्यांनी भेटला तेव्हा वैतागलेला होता. म्हणाला, “अरे, शोरूमवाल्यानं १२० किलोमीटर सांगितलं आणि पंच्याऐंशीला कासवाचं चित्र येतंय. दुपारचं भाडं सोडावं लागतं. हप्ता कुठून भरू? विकून टाकतो.”

आता यात शोरूमवाला किती बरोबर, किती चूक, ते बाजूला ठेवू. त्यानं दादाला नीट समजावून सांगितलं नाही, एवढं नक्की. पण प्रश्न खरा आहे. दुपारचं एक भाडं म्हणजे हप्त्याचे पैसे. तर चला, एकेक गोष्ट सोडवू.

पहिली गोष्ट, युनिट. बॅटरीचा आकार किलोवॅट-तासात सांगतात. घाबरू नका, एक किलोवॅट-तास म्हणजे तुमच्या लाइट बिलावरचं एक युनिट. दादाच्या गाडीची बॅटरी साडेसात युनिटांची आहे असं धरा. म्हणजे तुमच्या टाकीत साडेसात युनिट मावतात. बास.

कंपनी जे १२० किलोमीटर सांगते, ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. किती वेग, किती वेळ, कधी थांबायचं, सगळं ठरलेलं. त्या चाचणीचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला. तुमच्या रस्त्याचं उत्तर तिच्यात नसतं. तिथे टाटा कॉलनीतला चढ नाही, रामटेकडीचा सिग्नल नाही, मागे फ्लॉवरची पोती नाहीत.

मग आपलं उत्तर कसं काढायचं? सोपा भागाकार. साडेसात युनिट म्हणजे साडेसात हजार वॅट-तास. भागिले पंच्याऐंशी किलोमीटर. येतात साधारण ८८. म्हणजे दादाची गाडी एका किलोमीटरला ८८ वॅट-तास खाते. हा तुमच्या गाडीचा ॲव्हरेज. डिझेलवाला जसा “लिटरला किती देते” विचारतो, तसं तुम्ही “किलोमीटरला किती खाते” विचारा.

मोठ्या गाडीलाही हेच लागू. टाटा एस इव्ही २०२२ मध्ये आली, बॅटरी २१.३ युनिटांची, कंपनीचा आकडा १५४ किलोमीटर. भागा. १३८ वॅट-तास येतात. हा चाचणीतला ॲव्हरेज. प्रत्यक्षात माल भरल्यावर त्याच्यापेक्षा जास्त खाणार हे धरूनच भाड्याचं गणित मांडायचं.

दुसरी गोष्ट, स्क्रीनवरचे दोन आकडे. एक टक्केवारी आणि दुसरा “अजून किती किलोमीटर”. बरेच जण किलोमीटरच्या आकड्याकडे बघतात. तो आकडा अंदाज आहे. बहुतेक गाड्या तुम्ही आत्तापर्यंत जशी चालवली, त्यावरून पुढचं सांगतात. सकाळी रिकामी गाडी घेऊन यार्डात गेलात तर तो खूश असतो, ९५ दाखवतो. माल भरून फ्लायओव्हर चढलात की झरझर खाली येतो. गाडी बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते.

म्हणून सवय अशी लावा की टक्केवारी बघायची आणि किलोमीटर स्वतः काढायचे. साडेसात युनिटांचा एक टक्का म्हणजे ७५ वॅट-तास. ८८ च्या हिशोबानं एक टक्क्यात पाऊण किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. चाळीस टक्के उरलेत? भरलेल्या गाडीला साधारण ३४ किलोमीटर. त्यातले दहा टक्के घरी पोचायला राखीव. मग २५ किलोमीटरचं भाडं हो म्हणायचं की नाही, हे फोनवरच सांगता येतं.

पण टक्केवारीसुद्धा कधीकधी दगा देते. का, ते ऐका. आजकाल बऱ्याच मालवाहू गाड्यांत एलएफपी बॅटरी असते. लिथियम, लोह आणि फॉस्फेट. टिकाऊ असते, तापमान सहन करते. पण तिची एक खोड आहे. ती भरलेली असो की अर्धी, व्होल्टेज जवळजवळ तेवढंच राहतं. त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून आत किती उरलंय ते कळत नाही. मग बॅटरीचा मेंदू, ज्याला बीएमएस म्हणतात, तो काय करतो? किराणा दुकानदारासारखा रोजमेळ लिहितो. इतकं आत आलं, इतकं बाहेर गेलं, शिल्लक इतकी. आणि रोजमेळात दोन-दोन रुपयांचा फरक पडत पडत महिन्याअखेर मोठा होतो, तसंच इथेही होतं.

हा मेळ कधी बसतो? गाडी पूर्ण १०० टक्के चार्ज होते तेव्हा. त्या टोकाला व्होल्टेज एकदम वर जातं आणि बीएमएसला कळतं, हा, आता भरली. त्याच वेळी आतले सगळे सेल एका पातळीवर आणायचं कामही तो करतो. म्हणून रोज तीस ते सत्तर, तीस ते सत्तर असंच वापरणाऱ्याची गाडी एक दिवस १८ टक्क्यांवरून थेट पाचवर येते. उपाय साधा आहे. मॅन्युअलमध्ये दिलं असेल त्याप्रमाणे, आठवड्यातून एकदा तरी रात्रभर लावून पूर्ण भरू द्या. १०० झाल्या झाल्या प्लग ओढू नका, चार्जर स्वतः बंद होईपर्यंत थांबा. आणि तुमची बॅटरी एलएफपी नसून दुसऱ्या प्रकारची असेल तर सूचना वेगळी असू शकते, म्हणून मॅन्युअल बघाच.

तिसरी गोष्ट, ते कासव. काही गाड्यांत कासवाचं चित्र येतं, काहींत पिवळा दिवा. वेग कमी होतो, पिकअप जातो. लोक घाबरून ॲक्सिलरेटर आणखी पिळतात. उपयोग नाही. गाडी स्वतःहून हात आखडता घेत असते. कारण दोनांपैकी एक. एकतर बॅटरी संपत आलीय, नाहीतर काहीतरी तापलंय, मोटर, कंट्रोलर किंवा बॅटरी. टक्केवारी बघा. आठ-दहा टक्के असेल तर चार्जिंग शोधा. चाळीस टक्के असूनही कासव आलं तर गाडी सावलीत लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हे दिसतंच. थांबूनही गेलं नाही तर सर्व्हिसला फोन.

तापण्यावरून आणखी एक. चढावर ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर काही जण ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर हलका धरून गाडी जागेवर तोलतात. डिझेलमध्ये क्लचवर करायचे तसं. इलेक्ट्रिकमध्ये हे करू नका. मोटर फिरत नाहीये पण करंट ओढतेय, म्हणजे सगळी वीज उष्णता होतेय. हँडब्रेक लावा किंवा पायाचा ब्रेक धरा. गाडीला हिल-होल्ड असेल तर ते कसं चालू होतं ते आधी मोकळ्या रस्त्यावर शिकून घ्या.

चौथी गोष्ट, ज्याबद्दल सगळ्यांत जास्त गप्पा मारल्या जातात. रीजनरेशन. म्हणजे पाय सोडला की मोटर उलटी कामाला लागते, जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. कोणी म्हणतं, “यानं गाडी स्वतःच चार्ज होते.” नाही हो. आकडा बघू.

गाडी आणि माल मिळून १,००० किलो. वेग ताशी ४०. या वेगात साठलेली सगळी ऊर्जा मोजली तर साधारण १७ वॅट-तास भरते. म्हणजे तुम्ही ६० वेळा ४० च्या वेगावरून थांबलात, आणि त्यातला कण न् कण परत मिळाला, तरी जेमतेम एक युनिट. प्रत्यक्षात त्यातला काही भागच येतो. वाईट नाही, शहरातल्या दिवसाला काही किलोमीटर वाढतात, शिवाय ब्रेकचे लायनर जास्त चालतात. पण जोरात पळवून कच्चकन ब्रेक मारला तर हे मिळत नाही. सिग्नल लांबून दिसला की पाय सोडा, गाडीला स्वतः हळू होऊ द्या.

घाटात मात्र हाच आकडा मोठा होतो, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणून नीट ऐका. वाईहून पाचगणीला पसरणी घाटानं चढलात तर उंचीतला फरक साधारण पावणेसहाशे मीटर. १,००० किलो वजन तेवढं वर न्यायला दीड युनिट लागतं, नुसतं उंचीसाठी. साडेसात युनिटांच्या गाडीचे वीस टक्के. सपाट रस्त्यावर एवढ्यात सतरा किलोमीटर झाले असते. म्हणून घाटाचं भाडं किलोमीटरवर ठरवू नका.

आणि उतरताना? समजा रात्री पाचगणीत मुक्काम केला, गाडी १०० टक्के भरली आणि सकाळी स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन घाट उतरायला लागलात. बॅटरी भरलेली आहे. परत येणारी वीज ठेवायला जागाच नाही. बीएमएस ती घेत नाही, आणि रीजन कमी होतं किंवा बंद पडतं. रोज पाय सोडल्यावर गाडी जशी धरली जाते, तशी धरली जात नाही. सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापतात. म्हणून डोंगरावर रात्रभर गाडी चार्ज करणार असाल तर ऐंशी-पंच्याऐंशीला थांबवा. वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवा. आणि न्यूट्रलमध्ये टाकून उतरणं? अजिबात नाही. डिझेलमध्येही नाही आणि यातही नाही.

पाचवी गोष्ट, चार्जिंग. आणि हीच दादाच्या दुपारच्या भाड्याची किल्ली निघाली.

घरातला १५ अँपिअरचा प्लग म्हणजे तीन पिनांचा मोठा, गिझरचा असतो तो. २३० व्होल्ट गुणिले १५ म्हणजे जास्तीत जास्त साडेतीन किलोवॅटच्या आत. तीनचाकीचा चार्जर दोन किलोवॅटचा धरला तर एका तासात दोन युनिट भिंतीतून निघतात, वाटेत थोडी उष्णता होऊन जाते आणि बॅटरीत पावणेदोनच्या आसपास पोचतात. ८८ नं भागा. वीस किलोमीटर!

म्हणजे एक तास प्लग मिळाला की वीस किलोमीटर. दादा रोज वाघोलीत एका दुकानदाराकडे माल उतरवून जेवायला तासभर थांबायचा. गाडी बाहेर नुसती उभी. त्याला म्हटलं, त्या दुकानदाराला विचार, मोठा प्लग आहे का. युनिटमागे ठरतील ते पैसे दे. दुकानदाराला वीस-पंचवीस रुपये आणि दादाला दुपारचं भाडं. गाडी विकायची भाषा तिथेच थांबली. कुठलंही नवीन यंत्र घ्यावं लागलं नाही. फक्त तासाला किती भरते हे माहीत असावं लागलं.

पण प्लगच्या बाबतीत काटेकोर राहा. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावायची नाही. बारीक वायर तासन् तास एवढा करंट सहन करत नाही, आतून तापते. अर्थिंग चांगलं हवं. वायरमनला बोलावून स्वतंत्र लाइन, एमसीबी आणि गळती झाली की लाइन तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. प्लग अर्ध्या तासानं हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसतोय तर बंद करा. आणि जिन्याखाली, घराच्या एकमेव दाराच्या तोंडाशी गाडी चार्जिंगला लावू नका. काही झालंच तर घरातल्यांना बाहेर पडायला वाट हवी.

उन्हातून धावून आलेली गाडी लगेच लावण्यापेक्षा थोडी थंड होऊ द्या. तापलेली बॅटरी चार्ज करणं तिच्या आयुष्याला बरं नाही.

सहावी गोष्ट, पाऊस. शोरूममध्ये सांगतात, “आयपी ६७ आहे, पाण्यातून घाला.” आयपी ६७ म्हणजे काय? पहिला सहा म्हणजे धूळ आत जात नाही. सात म्हणजे एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी अपाय होईल इतकं पाणी आत जात नाही. हे बॅटरीच्या पेटीचं किंवा मोटरचं मानांकन असतं, अख्ख्या गाडीचं नाही. आणि ही चाचणी नव्या पेटीची, स्थिर पाण्यात. तीन वर्षं खड्डे खाल्लेल्या गाडीची नाही. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा तर वेगळाच प्रकार. तो चार्जिंगच्या तोंडावर आणि कनेक्टरवर मारू देऊ नका. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, आधी सर्व्हिसवाल्याला दाखवा. खालून दगड लागून बॅटरीच्या पेटीला पोचा आला असेल तरी तेच.

आणि कधी बॅटरीतून विचित्र वास, फुसफुस आवाज किंवा धूर आला, तर शौर्य दाखवायचं नाही. गाडी सोडा, माल सोडा, लांब व्हा, १०१ किंवा ११२ ला फोन करा. लिथियम बॅटरीची आग विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते. फ्लॉवरची पोती परत मिळतील.

आता पटापट चार-पाच बारीक गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही.

गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी बारा व्होल्टची बॅटरीही असू शकते, दिवे, हॉर्न आणि मेंदूसाठी. ती उतरली तर मोठी बॅटरी नव्वद टक्के असूनही गाडी चालू होत नाही. सर्व्हिसला फोन करण्याआधी हे लक्षात ठेवा.

नारिंगी रंगाची जाड केबल दिसली तर तिला हात नाही. ती उच्च व्होल्टेजची. मागे कॅमेरा किंवा साउंड बसवणाऱ्या पोरालाही हे बजावून सांगा, नाहीतर वॉरंटीही जाईल आणि माणूसही.

बंद पडलेली गाडी दोरीनं ओढू नका, जोवर मॅन्युअल परवानगी देत नाही. चाकं फिरली की मोटर फिरते, मोटर फिरली की वीज तयार होते, आणि ती जाणार कुठे?

“रेडी” लिहून आलं म्हणजे गाडी चालू आहे, आवाज नसला तरी. माल उतरवताना किल्ली काढून घ्या. हमालाचा हात ॲक्सिलरेटरवर पडला तर गाडी निमूटपणे पुढे जाईल.

टायरची हवा आठवड्याला तपासा. कमी हवा म्हणजे तो ८८ चा आकडा वाढणार, म्हणजे थेट किलोमीटर कमी.

कागदपत्रांचं एक वाक्य. २०१८ पासून बॅटरीवर चालणाऱ्या व्यावसायिक गाड्यांना परमिटची अट नाही, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं तुम्ही बघितली असतील. पण विमा, फिटनेस, लायसन्स यातून सुटका नाही.

शेवटी पैशाचं गणित, कारण त्यासाठीच तर हे सगळं. बॅटरीत साडेसात युनिट भरायला भिंतीतून साडेआठ घ्यावे लागतात. दहा रुपये युनिट धरलं तर ८५ रुपये. पंच्याऐंशी किलोमीटरला ८५ रुपये, म्हणजे किलोमीटरला एक रुपया. डिझेल टेम्पो लिटरला २५ देतो आणि डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला तीन रुपये साठ पैसे. फरक दोन रुपये साठ पैसे. रोज ८५ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, तर साडेपाच हजार रुपये. तुमच्या विजेचा दर वेगळा असेल, आकडे बदलून बघा. बाहेरच्या चार्जरवर वीस रुपये युनिट पडलं तर खर्च दुप्पट होतो आणि बचत त्या प्रमाणात घटते.

एक लक्षात घ्या. ही बचत गाडी चालली तरच आहे. गाडी उभी राहिली तर हप्ता तेवढाच राहतो. म्हणून घेण्याआधी तीन प्रश्न लिहून घेऊन जा. रात्रीचा प्लग कुठे? दुपारचा प्लग कुठे? आणि वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर, आणि बॅटरीची ताकद किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून मिळेल? तिसऱ्याचं उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. जमलं तर गाडी लांबून बंद करायची सोय फायनान्सवाल्याकडे आहे का, तेही विचारा. काही गाड्यांत असते.

आणि गाडी आधीच घेतली असेल तर एक काम करा. पुढचे सात दिवस मोबाइलच्या नोट्समध्ये तीन आकडे लिहा: निघताना टक्के, परत आल्यावर टक्के, किलोमीटर. आठवड्यानं भागाकार करा. तुमच्या रस्त्याचा, तुमच्या मालाचा, तुमच्या पायाचा आकडा तुमच्या हातात येईल. तो शोरूमच्या भिंतीवर नसतो आणि यूट्यूबवरही नसतो.

तो आकडा मला नक्की कळवा, सोबत गाव आणि माल काय ते लिहा. कोल्हापूरचा गूळवाला, वसईचा पाववाला, जळगावचा केळीवाला, सगळ्यांचे आकडे वेगळे येणार. पुरेसे आले की पुढच्या एखाद्या भागात शेजारी शेजारी मांडू.

ज्याच्याकडे असा टेम्पो आहे, त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. सांभाळून चालवा.